नाकावरचा रुमाल

ॲटो गतिरोधकावरून उडाला, माझं डोकं वरच्या लोखंडी दांडीला लागलं आणि वास आला. मार काही विशेष नव्हता. लहान पोराला टपली मारावी एवढाच. शेजारी शीतल, माझी बायको, मांडीवर हार-नारळाची पिशवी धरून बसली होती. तिनं आधी पिशवी चाचपली, मग माझं डोकं. "लागलं का हो?" "न्हाई." "बघू." "न्हाई म्हटलं ना." ॲटोवाल्यानं तोंडातला गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सारला आणि आरशातून बघत म्हणाला, "जालन्याचे गतिरोधक हायेत साहेब, डायरेक्ट वर पाठवतेत." आपल्याच विनोदावर हसला. त्याचे ते दात, दातांवरचा लाल थर, मानेवरच्या मळाची वळी, आरशाला लटकवलेलं वाळलेलं लिंबू, सगळं मला एकदम इतकं स्वच्छ दिसलं की मी डोळे मिटले. डोळे मिटता येतात. कानात बोटं घालता येतात. नाकाचं तसं नाही. नाक धरलं तरी माणूस तोंडानं श्वास घेतो आणि वास जिभेवर येऊन बसतो. मी खिशातून रुमाल काढला.

"तिथं गेल्यावर काढू नका तेवढा," शीतल म्हणाली. "दुसरं काय बी करा. पण आज रुमाल खिशातच राहू द्या."

तिथं म्हणजे धुळाजीच्या घरी, मंठ्याच्या पुढं. धुळाजी कारखान्यात माझ्या शिफ्टला लोखंड वितळवायच्या भट्टीवर होता. आज त्याचं वर्षश्राद्ध. मी शिफ्टचा प्रमुख, म्हणजे त्याचा साहेब. आमचं मूळ गाव धावडा, घरची शेती, आडनावापुढं पाटील. धुळाजीचं मेंढरांमागं हिंडणाऱ्यांचं घर, आता दोन एकर आणि एका पोराची कारखान्यातली नोकरी. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तो रुमाल. धुळाजीच्या तेराव्याला मी डोक्याला पट्टी बांधून त्यांच्या दारात गेलो होतो. मांडवात कढई चढलेली, वडे तळणं चाललेलं. त्या तेलाचा भपकारा आला आणि मी रुमाल नाकाला लावून मागं वळलो, मेंढरांच्या वाड्याआड जाऊन ओकलो. ओकताना कुणी पाहिलं नाही. रुमाल मात्र अख्ख्या भावकीनं पाहिला. जेवायच्या आधीच आम्ही निघालो, आणि आम्ही फाट्यावर पोचायच्या आत गावभर झालं की पाटलाला आमच्या दारातला वास सोसंना, पाटलानं नाक मुरडलं. कारखान्यात ते आठवडाभरात पोचलं. मी कुणाला खुलासा केला नाही. काय करणार? भाऊ, मला तुमच्या मेंढरांचा वास येत नाही, तुमच्या वड्यांना तुमच्याच पोराचा वास येतो, असं सांगणार?

आता सांगून टाकतो. जळालेल्या केसांवर गरम गूळ ओतावा, तसा तो वास. गोड असतो, हे त्याचं सगळ्यात ओंगळ. कांदा परतला की तो येतो, मटणाला येतो, चहाला येतो, दात घासायच्या पेस्टला येतो. म्हणजे माणूस सकाळी उठून तोंडात पहिली वस्तू घालतो तीच घाण. मी मिठानं दात घासतो. शीतलच्या केसांच्या तेलाला येतो, त्यामुळं मी भिंतीकडं तोंड करून झोपतो आणि ती छताकडं. आमची आकांक्षा शाळेतून पळत येऊन गळ्यात पडते, तेव्हा तिच्या डब्यातल्या भाजीचा वास तिच्या हातांना असतो आणि मी तिला ढकलतो. पोटच्या पोरीला हातानं ढकलतो. मग ती कोपऱ्यात जाऊन हात हुंगत बसते. शी! आपल्या जगण्याची मला इतकी शिसारी कधी आली नव्हती.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मंठ्याची गाडी म्हणजे निम्मी गर्दी बाजारकरूंची. कुणाच्या पायाशी मिरचीचं पोतं, कुणाच्या मांडीवर कोंबडं. कोंबड्याचा त्रास नव्हता. जिवंत जनावराचा त्रास मला होत नाही. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे औरंगाबादच्या मेंदूवाल्यांनी, याचं छान चित्र काढून दाखवलं होतं. डोकं आपटलं की वासाच्या नसेचे बारीक धागे ताणतात, तुटतात. परत जुळताना वेडेवाकडे जुळतात. मग काही वास येतच नाहीत आणि काही भलतेच होऊन येतात. "स्कॅन क्लिअर आहे, दुखापत माईल्ड आहे," म्हणाले. माईल्ड. चहात साखर कमी असावी तसं. डोकं दुखतं, पाण्याचा नळ चालू ठेवून विसरतो, भांडं पडलं की अंगावर काटा येतो, झोप लागत नाही, असं मी सांगितलं, तेव्हा ते घड्याळाकडं बघत म्हणाले, "यातलं थोडं मानसिक असू शकतं. तेही दाखवून घ्या." शीतलचा चेहरा तिथंच पडला. कारण डोक्याला मार लागणं ही इज्जतीची गोष्ट आहे; पट्टी दिसते, लोक मोसंब्या घेऊन बघायला येतात. डोक्यावर परिणाम होणं ही वेगळी गोष्ट. दोन्हीत डोकंच, पण पहिल्याला सोयरे येतात आणि दुसऱ्याला सोयरीक मोडते.

तरी ती मला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली, हे तिचं मोठेपण. फक्त गल्लीत सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडं जातो. दर आठवड्याला जातो म्हटल्यावर शेजारच्या चतुराबाई एकदा विचारत्या झाल्या, "भुजंगराव, आता किती दात शिल्लक हायेत?" आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी तेव्हा कुणी हसलं. या डॉक्टर म्हणजे जालन्यातच दवाखाना असलेल्या, ठेंगण्या, सर्दीनं कायम नाक लाल असलेल्या बाई. मी त्यांना पहिल्याच दिवशी चिडून विचारलं, "हे माझ्या डोक्याचं आहे का मनाचं, ते एकदा ठरवून सांगा." त्या म्हणाल्या, "धक्का बसला म्हणतो ना आपण? डोक्याला पण बसतो आणि मनाला पण बसतो, शब्द एकच. तुम्हाला दोन्ही बसले, एकाच क्षणी. झोप, चिडचिड, विसरणं, यातलं कुठलं कुणाचं, ते मला कापून वेगळं करता येत नाही. औषध दोन्हींचं बरोबरच करायचं." मला हे उत्तर गुळमुळीत वाटलं. ज्याला पैसे दिले त्यानं नेमकं बोट ठेवावं, अशी माझी कारखान्यातली सवय. भट्टी बिघडली की आतल्या अस्तरात आहे का तापवणाऱ्या कॉईलमध्ये, सांगा. दोन्हीत आहे म्हणणारा माणूस मी शिफ्टवरून घालवला असता.

आणि औषध तरी काय! झोपेची एक बारकी गोळी, ती सोडा. रोज ठरल्या वेळी झोपायचं, दारू बंद, उन्हं उतरल्यावर चालायला जायचं. आठवड्यातून एकदा त्यांच्यापुढं बसून त्या दिवसाची हकीकत पहिल्यापासून मोठ्यानं सांगायची, डोळे मिटून, आत्ता घडतंय अशी. पुन्हा सांगायची. पुन्हा. आणि मेंदूवाल्यांशी फोनवर बोलून त्यांनी नाकाची तालीम काढली: चार डब्या. लवंग, मोसंबीची साल, निलगिरी, गुलाब. सकाळ-संध्याकाळ एकेक डबी नाकाशी धरायची आणि ती वस्तू पूर्वी कशी होती ते आठवायचं. चाळीस वर्षांचा मिशावाला माणूस देवघराशेजारी पाटावर बसून साल हुंगतोय. पोरगी दारातून बघतेय. मोसंबीच्या सालीला जळक्या टायरचा वास, गुलाबाला कसलाच नाही, लवंगेला तोच, गोड. तरी हुंगायचं. लवंगेची डबी तर त्यांनी जवळ बाळगायला सांगितली होती. वास आला की पळायचं नाही, डबी काढायची. ती आत्ताही रुमालाखाली माझ्या खिशात होती.

वाटूर फाट्याला गाडी थांबली आणि पुढच्या बाकावरच्या माणसानं खिडकीतून भजी घेतली. तेल कागदाला फुटलेलं. त्यानं एक भजं मागं वळून माझ्यापुढं धरलं, "घ्या पाव्हणं." माझ्या जिभेखाली पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते. कारखान्याची शेड आली. आली म्हणजे आठवली नाही. बसचा पत्रा तापला, उजेड पांढरा झाला, आणि धुळाजी भट्टीच्या कडेला उभा राहून माझ्याकडं वळला. गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं. त्याचं तोंड हललं. भंगारात कुठलं तरी दोन्हीकडून बंद नळकांडं गेलं होतं आणि त्यातल्या पाण्याची वाफ होऊन भट्टी उसळली, असं नंतर ठरलं. त्याचं तोंड हललं, आणि त्यापुढं काही नाही. भोक आहे. त्या भोकाच्या पलीकडं दवाखान्याचं छत. मधल्या वेळात मी शिडीवर आपटून त्याच्या शेजारी पडलो होतो, तो हलत होता, असं पोरं सांगतात. मला त्यातलं काही नाही. फक्त वास आहे. डोक्यानं चित्र टाकून दिलं आणि वास ठेवून घेतला. काय ही निवड! शीतलनं माझा गुडघा दाबला आणि त्या माणसाला म्हणाली, "त्यांचा उपास आहे."

गाडी सुटल्यावर ती मूळ विषयावर आली. महिन्यापासून तिनं तो धरला होता. धुळाजीची आई, जयवंताबाई, ज्याला त्याला विचारत होती की माझा लेक शेवटी काय बोलला. दवाखान्यात ती त्याच्या उशाशी होती, पण तिथं तो बोललाच नाही, सकाळी गेला. मंग बोलला असंल ते साहेबापाशीच, साहेबच शेजारी पडला होता. पप्पू, धुळाजीचा मोठा भाऊ, त्याचं मत याहून पुढचं होतं. साहेब सांगत नाही म्हणजे साहेबाचं काहीतरी झाकायचं आहे. "आज ती इचारणार तुम्हाला," शीतल म्हणाली. "तुम्ही म्हणा की, 'माझ्या मायला बघा' म्हणाला. कुणाचं काय जातं? त्या बाईच्या घशाखाली घास तरी उतरल." डॉक्टर बाईंनी याच जागी मला अडवलं होतं. हकीकत सांगताना भोक आलं की मी काहीतरी भरायला बघायचो, तो ओरडला असेल, मी हात दिला असेल. त्या म्हणायच्या, "जिथं आठवण नाही तिथं भरू नका. ती डोक्याच्या माराची जागा आहे, तिथं कदाचित काही नोंदलंच गेलेलं नाही." पण हे त्यांना म्हणायला सोपं. त्यांच्यापुढं जयवंताबाई बसलेली नसते. मी ते वाक्य मनात म्हणून बघितलं. माझ्या मायला बघा. वाक्य चिकट होतं, आणि गोड, आणि मला त्याचाही वास यायला लागला.

फाट्यापासून चालत गेलो. अंगणात मांडव नव्हता, निंबाखाली सतरंजी. भिंतीला धुळाजीचा मोठा फोटो. स्टुडिओवाल्यानं त्याला निळा कोट चढवला होता आणि मागं कुठलासा बर्फाचा डोंगर लावला होता. भट्टीवर गेलेल्या माणसाला बर्फात उभं करणाऱ्या त्या कलाकाराला मी चार शिव्या मनात दिल्या. पप्पू समोर आला. हात जोडले नाहीत. "या साहेब. रुमाल आणला का?" निंबाखालचा एकजण हसला. शीतलनं हार-नारळ पुढं केलं. मी म्हणालो, "आणलाय. खिशात हाय." पप्पू म्हणाला, "मंग ठिवा तिथंच. मेंढरं लांब बांधलीत तुमच्यासाठी." मी वाड्याकडं बघितलं. वाडा खरंच रिकामा होता. माझ्या नाकासाठी त्यांनी बिचारी जनावरं उन्हात नेऊन बांधली होती, ज्यांचा वास मला कधी आलाच नव्हता. हे तिथं ओरडून सांगावं असं वाटलं. नाही सांगितलं. मी कढईची वाट बघत होतो. आता येईल, आता भपकारा येईल.

आला नाही. पानं वाढली, आम्ही ओळीत बसलो, आणि मी श्वास धरून बसलो होतो तो सोडावाच लागला. काही नाही. पानात पांढरा भात, वर पिवळं घट्ट वरण, बिनफोडणीचं. दही. एक केळं. मीठ. शेजारचा म्हातारा पानाकडं बघून न राहवून म्हणाला, "अरं पप्पू, वडा कुठाय?" पप्पू भात वाढत पुढं गेला, तरी म्हातारा थांबेना. "वर्षश्राद्धाला वडा न्हाई, भजं न्हाई, वरणाला फोडणी न्हाई! कावळा तरी कशाला शिवल?" दोघं-तिघं हसले. बायकांतून कुणीतरी म्हणालं की घर धुतल्यावानी जेवण हाय. माझे कान तापले. मला कळलं, असं मला वाटलं. शीतल! शीतलनंच फोन करून सांगितलं असणार. माझ्या नाकासाठी त्यांनी मेंढरं हलवली, आणि माझ्याच नाकासाठी स्वतःच्या पोराच्या पानावरचा वडा काढला. आता पाटलाच्या नाकानं मेलेल्याचा घासही खाल्ला. त्या पांढऱ्या भाताची, माझ्या बोटांची, त्या सगळ्या समजूतदारपणाची मला एवढी किळस आली की त्यापुढं तळणाची काहीच नव्हती. तरी मी जेवलो. पान स्वच्छ केलं. कित्येक महिन्यांत बाहेर जेवलेलं ते माझं पहिलं पान. कावळ्यानंही दहीभात नेला, काही कुरकुर न करता.

हात धुवायला मागच्या दारी गेलो तर जयवंताबाई चुलीजवळ बसली होती. बाई वाळून काटकी झालेली, पदर घट्ट कानामागं घेतलेला. चूल थंड होती, भात बाहेर तीन दगडांवर शिजवला होता. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हणालो, "माय, माझ्यासाठी कशाला असं केलं? वडे करायचे होते. मी लांब बसलो असतो."

"तुमच्यासाठी?" ती माझ्याकडं बघत राहिली. "तुमच्यासाठी न्हाई केलं साहेब." मग इकडंतिकडं बघून तिनं आवाज उतरवला. "एक इचारू का? धुळा शेवटी काय म्हणला?"

वाक्य तोंडात तयार होतं. दारात शीतल उभी होती. तिनं मान हलवली, म्हणा. मी तोंड उघडलं. आणि मला दिसलं की ही बाई एक वर्ष या वाक्याची वाट बघतेय आणि मी तिला बिनवासाचं, स्टुडिओतलं, बर्फातलं काहीतरी देणार आहे. "मला ऐकू आलं न्हाई माय," मी म्हणालो. "त्यानं माझ्याकडं बघितलं. पंच्यानं तोंड पुसलं. तोंड हाललं. भट्टीच्या आवाजात काय ऐकू येतंय? त्याच्यापुढचं माझ्या डोक्यात काहीच न्हाई. मार लागला तिथं सगळं पुसून गेलं." शीतल दारातून आत गेली.

"पंच्यानं तोंड पुसलं," जयवंताबाई म्हणाली. "लहानपणापासून तसंच करायचा." मग म्हणाली, "आन दुसरं काय बी न्हाई?"

"वास," मी म्हणालो. नको म्हणता म्हणता निघून गेलं. "वास राह्यलाय. त्याचा. जळल्याला. तळणाला येतो, कांद्याला येतो. तेराव्याला म्हणून मी रुमाल लावला, माय. तुमच्या घराला न्हाई लावला." आईला हे सांगितलं! माझी मला घाण वाटली, जीभ हासडून चुलीत टाकावी एवढी. मी उठायला लागलो.

तिनं माझं मनगट धरलं. "गोड येतो?" तिनं विचारलं. मी खाली बसलो. "गुळावानी? केस जळल्यावानी आन गोड?" मी मान हलवली. ती भराभर बोलू लागली, कुणी ऐकेल म्हणून पदर तोंडाशी धरून. "दवाखान्यात त्याच्या उशाला रातभर बसले, तवापासनं. तेराव्याला वडे मीच तळून राह्यले होते. तळता तळता नाकात बसला तो बसलाच. चुलीवरचा तवा हाय तसा पडलाय. घरात चूल पेटवू देत न्हाई, भाकरी शेजारीण देती. वडे करा म्हणून पप्पू भांडला, भावकी भांडली, म्हणलं माझ्या हातनं हुणार न्हाई, आन दुसऱ्या कुणाचं तळण बी घरात नको. सून म्हणती म्हातारी नाटकं करती. पप्पूनं दोनदा देवऋषाकडं नेलं. तो म्हणतो धुळा अडकलाय."

मी खिशात हात घातला. रुमाल बाजूला सारून लवंगेची डबी काढली, झाकण उघडलं आणि तिच्यापुढं धरली. कसली तालीम, कुठले डॉक्टर, नसेचे धागे, सगळं घोटाळत सांगितलं. तिनं डबी नाकाशी नेली. डोळे मिटले. चेहरा कसनुसा झाला, पण डबी लांब केली नाही. "जळकंच हाय," ती म्हणाली. "मला बी," मी म्हणालो. "मंग कशाला हुंगायचं?" "लवंग पूर्वी कशी होती ते आठवायचं. रोज." ती पुन्हा हुंगली. बाहेर पप्पू कुणाला तरी पानसुपारी देत होता, म्हातारा अजून वड्यावरून बोलत होता.

"तुमच्या डोक्याला मार तरी लागला, साहेब," जयवंताबाई म्हणाली. तक्रार नव्हती, खरंच विचारत होती. "मला तर काईच लागलं न्हाई. मंग मला कसा?"

दोन डॉक्टरांची दोन उत्तरं माझ्यापाशी होती. एकाचं चित्र तिला लागू नव्हतं. तिच्या कुठल्याच नसेला शिडी लागली नव्हती, तरी वास तोच होता, गुळासकट. ठेंगण्या बाईंचं उत्तर मला गुळमुळीत वाटलं होतं. "लागलंय माय," मी म्हणालो. "दिसत न्हाई म्हणून कुणी मोसंब्या घेऊन आलं न्हाई." पुढच्या आठवड्यात जालन्याला या, दाताच्या डॉक्टरकडं जाऊ, असं म्हणणार होतो, पण जीभ अडली आणि मी नीट नाव घेतलं. मनाच्या डॉक्टर, म्हणालो. मी बी जातो. तिनं डबीचं झाकण लावलं, कमरेला खोचायला पदर सैल केला, आणि परत एकदा विचारलं, "सकाळ-संध्याकाळ म्हणता?"

"सकाळ-संध्याकाळ."

"बरं," ती म्हणाली आणि मेंढरं उन्हात आहेत, ती वाड्यात घ्या, म्हणून पप्पूला हाक मारायला उठली.